निक लो याचा ‘इंडोअर सफारी’ : पंचाहत्तरीत परत आलेला ठेका

१३ सप्टेंबर २०२४ रोजी ‘येप रॉक’ या अमेरिकी कंपनीने ब्रिटिश गायक-गीतकार निक लो याचा ‘इंडोअर सफारी’ हा अल्बम काढला, तेव्हा लोने पंचाहत्तरी ओलांडली होती. त्याआधीचा पूर्ण लांबीचा स्टुडिओ अल्बम २०१३चा, ‘क्वालिटी स्ट्रीट’, आणि तोही नाताळच्या गाण्यांचा. मधली अकरा वर्षं दौरे आणि चार-चार गाण्यांच्या छोट्या ईपी यांत गेली. एवढ्या खंडानंतर ज्येष्ठ गायकाचा अल्बम आला की बहुतेक परीक्षणं वयाचं कौतुक करून मोकळी होतात. इथे तशी सवलत द्यायची गरज नाही. बारापैकी निम्म्याहून जास्त गाणी अशी आहेत, की ती तिशीतल्या लोने केली असती तरी मिरवली असती.

१९७८-७९ मध्ये लोने पॉवर पॉपला दिलेला चटपटीत ठेका आणि १९९४ नंतर त्याने कमावलेला हळू, बोलल्यासारखा आवाज या दोन गोष्टी आजवर वेगवेगळ्या अल्बमांत राहिल्या. इथे त्या एकाच गाण्यात सुखाने नांदतात. हे जमवणं वाटतं त्यापेक्षा खूप अवघड आहे. ते कसं जमलं हे कळलं की ऐकण्यातली गंमत वाढते, म्हणून थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

पॉवर पॉप म्हणजे साठच्या दशकातल्या बीटल्सच्या वळणाची चाल, सत्तरच्या दशकातल्या गिटारच्या जोरावर. तीन मिनिटांचं गाणं, पहिल्या अर्ध्या मिनिटात डोक्यात बसणारा मुखडा, कोरसला वर दुसरा-तिसरा आवाज, आणि कुठेही पसरट न होणारा सरळ ठेका. लो त्याआधी ‘ब्रिन्झ्ली श्वार्झ’ या बँडमध्ये बास वाजवायचा नि गायचा. तो बँड १९७५ मध्ये मोडला. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या ‘स्टिफ रेकॉर्ड्स’ने आपली पहिली तबकडी काढली, ती लोची : ‘सो इट गोज’, क्रमांक ‘बाय १’, ध्वनिमुद्रणाचा खर्च ४५ पौंड. मग तो त्या कंपनीचा घरचाच निर्माता झाला. ‘द डॅम्ड’ या पंक बँडचं ‘न्यू रोझ’ हे गाणं आणि ब्रिटिश गायक एल्व्हिस कॉस्टेलोचे पहिले पाच अल्बम त्याच्या हाताखालून गेले. आधी झटक्यात वाजवून घ्या, नटवणं नंतर बघू, या त्याच्या पद्धतीमुळे त्याला ‘बॅशर’ हे नाव पडलं. स्वतःचा अल्बम ‘जीझस ऑफ कूल’ १९७८चा. अमेरिकेत तो नाव बदलून ‘प्युअर पॉप फॉर नाउ पीपल’ म्हणून विकला गेला. १९७९ मध्ये ‘क्रुएल टु बी काइंड’ ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेतही बाराव्या क्रमांकावर पोचलं. त्याचं स्वतःचं एवढं गाजलेलं गाणं पुन्हा झालं नाही.

ऐंशीच्या दशकाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. १९८२ ते १९९० या काळात सहा अल्बम आले, प्रत्येकात एक-दोन उत्तम गाणी आहेत, पण बहुतेक ठिकाणी आवाज त्या काळच्या फुगलेल्या ड्रममध्ये बुडतो.

खरं वळण १९९४ला ‘द इम्पॉसिबल बर्ड’पासून. तेव्हा लो पंचेचाळीस वर्षांचा होता आणि रॉक गाणाऱ्यांसमोर त्या वयात दोनच वाटा असतात असं मानलं जायचं : केस रंगवून जुनं तेच करत राहा, नाहीतर घरी बसा. लोने तिसरी वाट धरली. वय लपवायचं नाही, उलट वय असल्याशिवाय गाताच येणार नाहीत अशी गाणी लिहायची. मुलाखतींत त्याने आपली रीत अनेकदा सांगितली आहे. गाणं लिहून झालं की लगेच मुद्रित करायचं नाही. एकट्याने गिटारवर ते इतक्या वेळा म्हणायचं, की ते आपण लिहिलंय हेच विसरायला व्हावं आणि दुसऱ्या कुणाचं चांगलं गाणं आपण गातोय असं वाटावं. जी ओळ हुशारी दाखवायला लिहिलेली असते ती या घोटण्यात आपोआप गळून पडते. मग वादक बोलवायचे, आणि त्यांनी गायकाच्या आवाजाकडे बघून वाजवायचं. ‘बॅशर’च्या नेमकं उलट.

साथीदारही त्याला तसेच मिळाले. ड्रमवर बॉबी अर्विन, कीबोर्डवर गेरंट वॉटकिन्स, ध्वनिमुद्रणाला नील ब्रॉकबँक. अर्विनचं वाजवणं मुद्दाम कान देऊन ऐकण्यासारखं आहे. तो कमी वाजवतो, आणि ठेका किंचित मागे रेलून ठेवतो. त्यामुळे हळू आवाजातल्या शब्दाला पुढे यायला जागा मिळते.

हे सगळं करायला पैसा लागतो आणि तो कुठून आला हेही सांगायला हवं. ब्रिन्झ्ली श्वार्झच्या काळात, १९७४ मध्ये, लोने ‘पीस, लव्ह अँड अंडरस्टँडिंग’ची विचारपूस करणारं एक गाणं लिहिलं होतं. कॉस्टेलोने ते गाजवलं. १९९२ मध्ये कर्टिस स्टायगर्सने गायलेलं तेच गाणं ‘द बॉडीगार्ड’ चित्रपटाच्या अल्बमवर गेलं. अल्बम विकला गेला की त्यातल्या प्रत्येक गाण्याच्या लेखकाला प्रत्येक प्रतीमागे ठरलेली रक्कम मिळते. ते गाणं लोकांनी ऐकलं की नाही याच्याशी तिचा संबंध नसतो. हा अल्बम जगभरात चार कोटींहून जास्त खपला. लोक व्हिटनी ह्यूस्टनसाठी घेत होते आणि मानधन लोच्याही खात्यात जात होतं. त्या पैशावर त्याला कुणाच्या मागे न लागता स्वतःच्या मनासारखा बँड घेऊन दौरे करता आले.

‘द इम्पॉसिबल बर्ड’वर ‘द बीस्ट इन मी’ आहे. लोने ते अमेरिकी कंट्री गायक जॉनी कॅशसाठी लिहायला घेतलं होतं. कॅशची सावत्र मुलगी कार्लीन कार्टर ही तेव्हा लोची बायको. गाणं अर्धवट राहिलं, पूर्ण व्हायला वर्षं लागली, आणि १९९४ मध्ये दोघांच्याही आवाजात ते वेगवेगळ्या अल्बमांवर आलं. दोन्ही लागोपाठ ऐकावीत. कॅश ते खाली ठेवलेल्या ओझ्यासारखं गातो, लो ते अंगात अजून असलेल्या तापासारखं.

त्यानंतरचे ‘डिग माय मूड’ (१९९८) आणि ‘द कन्व्हिन्सर’ (२००१) धरून या तीन अल्बमांना चाहते ‘ब्रेंटफर्ड त्रयी’ म्हणतात. ब्रेंटफर्ड हा पश्चिम लंडनमधला लोच्या राहण्याचा भाग. त्यातलं एकच गाणं जवळून बघायचं तर ‘लेटली आय हॅव लेट थिंग्ज स्लाइड’ घ्या. बाई सोडून गेलेला माणूस सकाळी अंगावरच्या कपड्यांनिशीच पलंगावर जागा होतो. पुढे लो त्याच्या दुःखाबद्दल काहीच बोलत नाही, फक्त त्याची नि घराची अवस्था सांगत जातो. चाल सरळ कंट्री वळणाची, गती चालण्याची, ऑर्गन लांबून. मुखड्याच्या शेवटी आवाज वर जाईल असं वाटतं आणि तो खाली येतो. ऐंशीच्या दशकातल्या लोने तिथे हमखास तीन आवाजांचा कोरस लावला असता. इथे ओळ संपते, वादक थोडे थांबतात, आणि त्या थांबण्यातच गाण्याचा सगळा अर्थ आहे.

‘अ‍ॅट माय एज’ (२००७) आणि ‘द ओल्ड मॅजिक’ (२०११) याच वाटेवर चालले. दोन्ही चांगले आहेत, पण दुसऱ्यापर्यंत येताना एक धोका दिसू लागला होता. मंद लय, मऊ आवाज, कडू-गोड शेवट, याचीच ठराविक घडी बसत चालली होती. त्यातच २०१५ मध्ये अर्विन गेला, २०१७ मध्ये ब्रॉकबँक. ज्या दोघांवर हा सगळा डोलारा उभा होता ते दोघेही नाहीत म्हटल्यावर लो पुन्हा स्टुडिओत जाईल की नाही हाच प्रश्न होता.

उत्तर आलं ते नॅशव्हिलच्या ‘लॉस स्ट्रेटजॅकेट्स’कडून. मेक्सिकन कुस्तीगिरांचे मुखवटे घालून वाजवणारा हा बँड. एडी एंजल आणि ग्रेग टाउन्सन गिटारवर, पीट करी बासवर, ख्रिस स्प्रेग ड्रमवर. ते मुळात गाण्याविना, फक्त वाद्यांवर, सर्फ (कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर रुजलेलं गिटारसंगीत) आणि साठच्या दशकातलं रॉक अँड रोल वाजवतात. नाताळच्या अल्बमच्या दौऱ्यात लो त्यांच्याबरोबर गेला, आणि जोडी टिकली. २०१७ मध्ये त्यांनी लोच्या गाण्यांचा पूर्ण अल्बम निव्वळ वाद्यांवर काढला. तो जरूर ऐका : शब्द काढून घेतल्यावरही चाल उभी राहते का, ही गीतकाराची कठीण परीक्षा आहे आणि लो तीत उत्तम उतरतो.

आता मुख्य अडचण. सर्फ गिटारची ओळख म्हणजे स्प्रिंग रिव्हर्ब : अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बसवलेल्या स्प्रिंगांमधून आवाज फिरवून काढायचा, की त्याला ओलसर, लांबत जाणारी शेपटी फुटते. या गिटारचा चावरा भाग साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास असतो, आणि माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं कळतात तीही याच पट्ट्यात. तरुण गायक ओरडून वर निघतो. पंचाहत्तरीचा, जवळजवळ कुजबुजणारा गायक तिथे गडप होतो. मऊ गायक आणि तगडा बँड एकत्र आणणारे बहुतेक प्रयोग इथेच फसतात. मग मिक्सिंगमध्ये आवाज उचलून वर चिकटवावा लागतो, आणि गायक वेगळ्या खोलीत बसून गातोय असं ऐकू येतं.

‘इंडोअर सफारी’ने हा गुंता वाजवण्यातच सोडवला आहे. ‘लव्ह स्टार्व्हेशन’ हेडफोनवर ऐका. लो गात असतो तोवर विजेच्या गिटारी तुटक, कोरड्या, ठेक्याला धरून वाजतात. लांब शेपटीचा आवाज जवळजवळ नाहीच. ओळ संपते त्या फटीत एंजल दोन-तीन सुरांचा तुकडा टाकतो आणि पुढची ओळ सुरू व्हायच्या आत हात उचलतो. अकूस्टिक गिटार पूर्ण गाणंभर चालते आणि तीच खरी कणा आहे. ती लोची स्वतःची. त्याचा हात मूळचा बासवाल्याचा असल्याने मोठ्या तारा आधी बोलतात. त्यामुळे करीला बासवर गर्दी करावी लागत नाही. परिणाम असा की ठेका १९७९चा वाटतो आणि गाणारा माणूस समोरच्या खुर्चीत बसलेला वाटतो.

पहिलंच ‘वेंट टु अ पार्टी’ साठच्या दशकातल्या ब्रिटिश बीट बँडांच्या खुणा अंगावर घेऊन येतं. ‘टोकियो बे’ चक बेरीच्या वळणाचं, पाय हलवायला लावणारं. ‘क्राइंग इनसाइड’ वरून हसरं आणि आतून तसं नसलेलं. पॉवर पॉपचा हा जुना खेळ, आणि लोइतका सहज तो फार थोड्यांना येतो. ‘ब्लू ऑन ब्लू’ मात्र वेगळ्याच उंचीवरचं आहे. सगळ्या अल्बममधलं हे सर्वांत हळू आणि सर्वांत सुंदर गाणं. स्ट्रेटजॅकेट्स इथे मुखवट्यामागे खरोखरच गायब होतात. आपल्याकडे भावगीत गाणारे जसा माइक जवळ घेऊन शब्दाला नुसता स्पर्श करतात, तसं लो ते गातो. दुसऱ्यांची दोन गाणी आहेत : गार्नेट मिम्सचं ‘अ क्वाएट प्लेस’, मुळात १९६४चं सोल, आणि साठच्या दशकातलंच ‘रेनकोट इन द रिव्हर’. मिम्सच्या मूळ गाण्यात शेजाऱ्यांच्या गोंगाटाला कावलेला माणूस जिवाच्या आकांताने ओरडतो. लो ते ओरडणं काढून टाकतो. इथे थोडं नुकसान झालंय. तक्रारीचं गाणं एवढ्या समजूतदार आवाजात पटत नाही.

दुसरी तक्रार मोठी आहे. बारापैकी आठ गाणी २०१८, २०१९ आणि २०२० मध्ये आलेल्या तीन ईपींवर आधीच येऊन गेली आहेत : ‘टोकियो बे’, ‘क्राइंग इनसाइड’, ‘लव्ह स्टार्व्हेशन’, ‘ब्लू ऑन ब्लू’, ‘ट्रॉम्बोन’, ‘रेनकोट इन द रिव्हर’, ‘ले इट ऑन मी बेबी’ आणि ‘डोन्ट बी नाइस टु मी’. काहींवर पुन्हा हात फिरवला आहे, पण तरी ज्यांच्याकडे तिन्ही ईपी आहेत त्यांच्यासाठी नवी भर चारच गाण्यांची : ‘वेंट टु अ पार्टी’, ‘जेट पॅक बूमरँग’, ‘डिफरंट काइंड ऑफ ब्लू’ आणि ‘अ क्वाएट प्लेस’. अशांनी आधी स्ट्रीमिंगवर ही चार ऐकून मगच ठरवावं. ज्यांच्याकडे ईपी नाहीत त्यांनी आता त्या शोधत बसू नये. अल्बममध्ये गाणी एकमेकांना जास्त शोभतात.

ऐकण्याबद्दल दोन-तीन गोष्टी. फोनच्या स्पीकरवर हा अल्बम अन्यायकारकरीत्या फिका लागतो, कारण तिथे बास जवळपास नसतो आणि उरतात त्या गिटारी नि त्यांच्यामागे बारीक झालेला आवाज. साधे चांगले तारेचे हेडफोन पुरेत. अ‍ॅपमधला ‘बेस बूस्ट’ बंद ठेवा; तो लावला की अकूस्टिक गिटारच्या खालच्या तारा आणि बास एकमेकांत कालवले जातात आणि वर सांगितलेली सगळी आखणी मातीत जाते. आवाज आधी कमी ठेवा. ‘ब्लू ऑन ब्लू’मधला शब्द न् शब्द कळेल एवढा लावा आणि तोच पूर्ण अल्बमला ठेवा. उलट, ‘टोकियो बे’ला धरून लावला तर हळू गाण्यांपाशी हात पुन्हा पुन्हा बटणाकडे जातो.

घरी गिटार वाजवणाऱ्यांसाठी ही गाणी म्हणजे उत्तम शाळा आहे. कॉर्ड सोपे आहेत, पण गाणं तरीही बसत नाही. याची कारणं बहुधा तीन. पहिलं, गती. उत्साहात ठेका पळतो आणि शब्दांना श्वास राहत नाही. मेट्रोनोम लावून गाण्याच्या मूळ गतीपेक्षा थोडं खालीच बसवा. दुसरं, डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणं. पॉवर पॉप म्हटलं की पेडल दाबायची सवय असते. इथे गिटार स्वच्छ हवी, जरासा रिव्हर्ब, आणि तोही गाण्याच्या ओळीवर नव्हे, मधल्या फटीत. दोन गिटारवाले असतील तर एकाने फक्त दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर तुटक कॉर्ड द्यायचा आणि मनगटाने लगेच दाबायचा. तिसरं आणि सर्वांत अवघड, गायकाचा जोर. पट्टी आपल्या सोयीची घ्या, दोन-तीन सूर खाली आली तरी चालेल, पण वरच्या सुरासाठी ताकद लावावी लागेल अशी ठेवू नका. ताकद लावली की लोची चाल एकदम सामान्य वाटू लागते.

प्रत्यक्ष कार्यक्रमाची संधी परदेशात राहणाऱ्यांना मिळाली तर सोडू नये. लो अकूस्टिक गिटार घेऊन बँडबरोबर सुरुवात करतो, मध्ये आत जातो, तेवढ्या वेळात स्ट्रेटजॅकेट्स एकटे आपल्या धुना वाजवतात, आणि मग तो परत येतो. हा मधला भाग लोक चहापाण्याला उठतात तसा घालवू नका. पुढच्या अर्ध्या भागात जी गिटार दबून वाजते ती मोकळी सुटल्यावर काय करू शकते हे तिथेच कळतं, आणि लोच्या गाण्यांत तिने किती आवरतं घेतलंय हेही.

जुनं घ्यायचं तर माझ्या मते क्रम असा. सुरुवात ‘द कन्व्हिन्सर’ने, २०२१ मध्ये त्याची विसाव्या वर्षाची आवृत्ती जादा गाण्यांसह आली आहे. मग ‘जीझस ऑफ कूल’, २००८च्या पुनर्मुद्रणातला. मग ‘इंडोअर सफारी’, म्हणजे या दोन्ही टोकांची गाठ कुठे पडली ते लक्षात येईल. ‘द इम्पॉसिबल बर्ड’ त्यानंतर. एकच काही हवं असेल तर २००९चा ‘क्वाएट प्लीज’ हा दोन सीडींचा निवडक संच पुरेसा आहे, पण त्यात नंतरचं काही नाही. ‘क्वालिटी स्ट्रीट’ शेवटी.

तबकडीच हवी असेल तर ती बहुधा बाहेरूनच मागवावी लागते, आणि पाठवणीचा खर्च नि सीमाशुल्क मिळून मूळ किमतीच्या जवळ जाऊ शकतात. एकटी मागवण्यापेक्षा दोघा-तिघांनी मिळून एकाच खोक्यात मागवलेली बरी. विक्रेत्याला आधीच लिहा, की तबकडी पुठ्ठ्याच्या कव्हराबाहेर, वेगळ्या आतल्या पिशवीत ठेवून पाठवा; नाहीतर वाटेतल्या आपटण्याने तिची कड कव्हराची शिवण फाडते. एप्रिल-मे टाळा. आपल्याकडच्या उन्हात कुरिअरच्या गाडीत किंवा गोदामात पडलेली तबकडी वाकते, आणि एकदा वाकली की सुरांची डगमग सगळ्यात आधी जाणवते ती हळू गाण्यांत, म्हणजे नेमकी ‘ब्लू ऑन ब्लू’वर.